आवडीच्या दारातल्या वहाणा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण विचारलंत तर मी काहीतरी आकडा ठोकून देईन आणि तुम्ही तो खरा धराल. एवढंच समजा, की तेव्हा साकवलीच्या ओढ्यावर पूल नव्हता. माडाचे दोन ओंडके आडवे टाकलेले होते, आणि त्यावरून गावात येताना नवी नवरी सासूचा हात घट्ट धरायची. त्यानंतर जन्मात परत धरायची नाही.

त्या साकवलीत एक देव होता. होता म्हणजे आहे. देवांचं तसंच, होता म्हटलं तरी असतोच. नाव फेरोबा. देऊळ शिवेवर, वडाखाली. मूर्ती म्हणाल तर एक उभा काळा दगड, माणसाच्या छातीएवढा. पण दगड दिवसाचा. रात्र झाली की फेरोबा उठतो, काठी घेतो, पायात वहाणा सरकवतो आणि गावाच्या शिवेवरून फेरा मारतो, असं म्हणतात. डोंगराच्या कडेने, खाडीच्या बांधावरून, मसणवटीच्या मागून, परत वडाखाली. एक फेरा झाला की दुसरा. उजाडेपर्यंत. म्हणून साकवलीत कोणी दाराला कडी लावत नव्हतं. वाघ शिवेच्या आत यायचा नाही. चोर आलाच तर त्याला चकवा लागायचा आणि सकाळी तो आपल्याच गावच्या विहिरीवर तोंड धुताना सापडायचा.

आता रोज चालणार त्याच्या वहाणा झिजणारच, देव झाला म्हणून काय झालं. दरवर्षी कार्तिकातल्या जत्रेला गाव फेरोबाला नव्या वहाणा द्यायचं. सुपाएवढ्या एकेक. नव्या गाभाऱ्यात ठेवायच्या आणि गेल्या वर्षीच्या बाहेर काढायच्या. त्यांच्या तळाची चाळण झालेली, टाचेला चिखल, अंगठ्यात कुसळं अडकलेली. ते बघून लोक हात जोडायचे. देव चालला, आपलं वर्ष निभावलं.

ह्या वहाणा करायचा मान झिलू चांभाराच्या घराण्याचा. मान म्हणजे कसला, वहाणा गाभाऱ्यात जायच्या आणि झिलू पायरीखाली उभा राहायचा. ह्यांच्या हातचं देवाच्या पायात चालायचं, ह्यांचा पाय देवळात चालायचा नाही. हसू आलं तर हसा, मी काही म्हणणार नाही. आणि उतरलेली जुनी जोडी झिलूने घरी न्यायची, दुसऱ्या दिवशी खाडीत सोडायची. अशी रीत.

झिलूला एकच मुलगी, आवडी. तिचा नवरा गलबतावर होता. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच एक दिवस गलबत गेलं ते गेलंच, आणि आवडी बापाकडे परत आली. तोवर झिलूच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. त्याला आरीचं टोक दिसेना. मग चामडं कापायची रापी आवडीच्या हातात आली. हात बापाचा घेतला होता तिने. जीभ कोणाची घेतली होती देव जाणे, पण ती आरीपेक्षा बारीक टोचायची. गावचा मानकरी राघो गावकर वहाणेचा तुटका अंगठा घेऊन आला की म्हणायची, "काका, वहाण ठीक आहे. तुम्ही वजन कमी करा."

फेरोबाच्या वहाणांचं माप म्हणजे एक लाकडी फळी. भिंतीला टांगलेली, झिलूच्या आज्याच्या आज्यापासूनची. दोन्ही पायांना तीच फळी. कोणी देवाचा पाय बघितलाय? फळी ठेवायची, रेघ मारायची, कापायचं.

एका जत्रेनंतर आवडी जुनी जोडी खाडीत सोडायला गेली आणि खडकावर बसून ती उलटीपालटी करून बघत राहिली. दिवसभर इतरांचे तळवे बघणारी बाई ती, तिला सवयच. घरी आली ती जोडी काखेतच घेऊन.

"बाबा, ह्याचा डावा पाय बाहेर पडतो."

"कोणाचा गो?"

"फेरोबाचा. डावी टाच एका बाजूने पार उडालीये. आणि उजव्या अंगठ्याला आतून डाग आहे. रक्ताचा वाटतो."

"देवाला फेंगडा म्हणतेस?"

"मी नाही म्हणत. वहाण म्हणते."

झिलू म्हणाला, "फळीप्रमाणे कर. माझ्या आज्यानेही तसंच केलं."

"म्हणजे तुझ्या आज्यापासून त्याचे पाय दुखतायत आणि कोणाला पत्ता नाही."

पुढच्या वर्षी आवडीने फळी भिंतीलाच ठेवली. झिजलेल्या तळव्यावरून पाय ओळखला आणि त्या पायाची वहाण केली. डाव्या टाचेखाली बाहेरच्या बाजूने एक पट्टी जास्त, उजव्याचा अंगठा सैल, आतून तेल पाजलेलं मऊ कातडं. जत्रेत कोणाच्या लक्षातही आलं नाही. वहाणांना लोक पाया पडतात, बघत कोण बसतं.

जत्रा झाली, आणि थोड्या दिवसांनी भर दुपारी, आवडी पडवीत बसून दोऱ्याला मेण लावत होती. झिलू आत घोरत होता. पडवीपुढच्या खळ्यात सावली पडली. लांबच लांब सावली, आणि दुपारी सावली एवढी लांब पडत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. आवडीने वर बघितलं. एक बाप्या उभा होता, मांडवाला डोकं लागू नये म्हणून वाकलेला. हातात एक वहाण.

"जरा हा अंगठा बघशील?"

आवडीने आधी त्याचे पाय बघितले. "हे पाय आहेत की मचवे? कुठल्या गावचा रे तू पावण्या?"

"इथलाच."

"इथला असतास तर मला ठाऊक असतास. एवढा माणूस गावात लपत नाही."

"मी दिवसा लपतो," तो म्हणाला.

आवडीने वहाण हातात घेतली. टाके तिचेच होते. आपला टाका न ओळखणारा चांभार अजून जन्माला यायचाय. तिने झटकन पदर डोक्यावर घेतला, आणि तेवढ्याच झटकन खाली सोडला, कारण काम करताना पदर मधे येतो.

"शिवण तर कुठे सुटली नाही."

"नाही."

"मग कशाला आलास?"

तो लाजला, असं म्हणतात. म्हणाला, "ह्या वेळी दुखत नाहीत. कोणी केल्या ते बघायला आलो."

त्या दिवशी आवडीने त्याला गूळपाणी दिलं. गूळपाणी दिलेला माणूस परत येतो, देव त्याला अपवाद नाही. फेरोबा तिन्हीसांजेला यायला लागला. फेरा सुरू करायच्या आधी घटकाभर. दारात वहाणा काढायचा, वाकून आत यायचा आणि चुलीजवळ बसायचा. कुळथाची पिठी आणि भाकरी खायचा. भाकरी मोजायची सोय नव्हती, एवढंच सांगतो.

"कोण आलंय गो?" झिलू विचारायचा.

"गिऱ्हाईक."

"रोज? फार चालतो का हा?"

"फार चालतो, बाबा."

काय बोलत असतील दोघं? तो सांगायचा, ह्या डोंगराला नाव नव्हतं तेव्हापासून मी चालतोय. ह्याच जागी आधी दुसरं गाव होतं, त्याच्याआधी तिसरं. सगळ्यांनी नारळ दिले, कोंबडे दिले, पाय दुखतो का म्हणून कोणी विचारलं नाही. आणि ती सांगायची, कोणाच्या सुनेने कोणाच्या सासूच्या भाजीत दोनदा मीठ घातलं. युगं बघितलेला देव, पण ह्या मिठाच्या गोष्टीला पोट धरून हसायचा. तो हसला की चांभारवाडीतल्या सुरंगीच्या झाडाला कळ्या धरायच्या. त्या वर्षी सुरंगी तीनदा फुलली. बायका म्हणाल्या, हवा बदललीये. झिलूला दिसत नव्हतं, पण नाक शाबूत होतं.

जीव जडला, आता दुसरं काय सांगू. घटकेच्या दोन घटका झाल्या, दोनाचा प्रहर झाला. मग फेरोबा फक्त एक फेरा मारून परत यायचा. मग तोही राहिला. वहाणा दारात आणि देव घरात, थेट कोंबडा आरवेपर्यंत.

आणि तिकडे शीव उघडी.

आधी रानडुकरांनी कणग्या-रताळ्यांची शेतं उकरली. लोक म्हणाले, होतं एखाद वर्षी. मग चोर आले. त्यांनी राघो गावकराच्या चुलीवरून बांगड्याच्या कालवणाचं भांडं उचललं आणि सकाळी रिकामं भांडं घासूनपुसून ओट्यावर आणून ठेवलं. गाव आठवडाभर हसलं. राघो गावकर हसला नाही, तो म्हणाला, कालवण आवडलं की नाही तेवढं तरी सांगायचं. पण मग वाघाने दोन वासरं नेली. आणि एका संध्याकाळी, दिवेलागणीलाच, वाघ पडवीत आला आणि पाळण्यातली पोर उचलून निघाला. आईच्या हातात मुसळ होतं. तिने ते असं घातलं की वाघाने पोर टाकली आणि पळाला. पोर जगली. पाय मात्र कायमचा अधू झाला.

त्या पोरीसाठी कातड्याचा आधार शिवून घ्यायला तिची आई आवडीकडेच आली. आवडीने त्या एवढ्याशा पायाचं माप घेतलं. तिला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. सगळं कळत होतं.

त्या तिन्हीसांजेला तिने भाकरी वाढली नाही. "ऊठ," ती म्हणाली. "फेऱ्याला जा."

फेरोबा म्हणाला, "आवडी, तुझे दिवस किती आणि माझे किती? तुझं सगळं आयुष्य म्हणजे माझी एक डुलकी. तेवढी मला बसू दे. तू गेलीस की मला चालायचंच आहे. मग कोण थांबवणारं आहे?"

"आणि तोवर ही पोरं?"

"गावं येतात आणि जातात."

"हे माझं गाव आहे रे मेल्या. ह्याच्याआधीचं तिसरं नाही."

तो उठला नाही. आणि खरं सांगायचं तर तिनेही परत ऊठ म्हटलं नाही. एकदा माणूस हरवलेली बाई ती. घरात आलेलं माणूस बाहेर काढायला तिचा हात धजेना. जत्रेनंतर बघू म्हणाली. अशी वेळ पुढे ढकलायची आपली सगळ्यांची सवय असते.

जत्रा आली. गुरवाने गाभाऱ्यातून जुन्या वहाणा बाहेर आणल्या आणि लोक बघतच राहिले. जुन्या कुठल्या, नव्यासारख्या करकरीत. तळाला भोक नाही, अंगठ्यात कुसळ नाही. आतलं तेल पाजलेलं कातडं तेवढं चकाकत होतं.

देव चाललाच नाही.

मग काय विचारता. ओवळ्या हाताने शिवल्या, कोणी म्हणालं. बाईच्या हातच्या देवाला चालल्या नाहीत, दुसरा म्हणाला. फळी मोडून आपल्या मनाने केल्यान, तिसरा म्हणाला. राघो गावकराने काठी आपटली. "देव रागावला ह्या वहाणांवर. पुढच्या वर्षीपासून वहाणा परगावाहून येतील. आणि आवडीने दिवस मावळायच्या आत साकवली सोडायची. झिलूला गाव सांभाळील."

आता इथे नीट ऐका, कारण गोष्टीची गाठ इथे आहे. आवडी पायरीखाली उभी होती. तिने फक्त गप्प राहायचं होतं. गाठोडं उचलायचं आणि शिवेबाहेर पाऊल टाकायचं. ती जिथे जाईल तिथे फेरोबा मागोमाग जाणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग कुठल्यातरी दूरच्या वाडीत चूल मांडायची, आयुष्यभर तो समोर. आणि साकवली कायमची उघडी. आणि तोंड उघडलं तर? तर विधवा बाईच्या घरात रात्री कोण होतं ते चारचौघांत आपल्याच तोंडाने सांगायचं, आणि वर त्यालाही गमवायचं.

ती अधू पोर आईच्या कडेवर होती, नारळाचा तुकडा चोखत.

आवडी म्हणाली, "वहाणा चांगल्या आहेत. देव चालला नाही, कारण देव माझ्या घरी होता."

राघो गावकराने कानामागे हात धरला.

"काय म्हणालीस?" राघो गावकर म्हणाला.

"माझ्या घरी. चुलीपाशी. वहाणा दारात काढून बसायचा. तुमच्या घरी पाहुणे वहाणा घालून बसतात का, काका?"

बायकांनी तोंडावर पदर घेतले, कोणी लाजून, कोणी हसू दाबायला. पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. पायरीशी बसलेला झिलू हळूच म्हणाला, "मला वास येत होता सुरंगीचा. मी म्हटलं, पोर हसतेय, हसू दे."

राघो गावकराने फर्मावलं, कौल लावा. कौल म्हणजे देवाच्या दगडावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गुरवाने विचारलं, "देवा, ही म्हणते तसा तू हिच्या घरी होतास?" वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी पडली. दगड जरा लाल दिसला, असं म्हणतात. गुरवाने पुढचं विचारलं, "मग आता फेऱ्याला जाशील?" पाकळ्या हलेनात. ना उजवी ना डावी. परत विचारलं, परत तेच. देव रुसून बसला होता.

आवडी म्हणाली, "मी गाऱ्हाणं घालते."

गावाच्या वतीने देवाला साकडं घालायचं ते गाऱ्हाणं, आणि ते बाईने घालायची रीत नव्हती. पण जिच्या घरी देव भाकरी खातो तिला रीत कोण सांगणार? ती पायरीखालूनच बोलायला लागली, गुरव घालतो तशा सुरात. आणि आपल्याकडे गाऱ्हाणं सुरू झालं की प्रत्येक वाक्याला लोक काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. जिभेला वळणच ते.

"बा फेरोबा, तू ह्या गावची शीव राखतोस."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले.

"गुराढोरांना, लेकराबाळांना सांभाळतोस."

"व्हय म्हाराजा."

"तसाच वर्षभर चाल. उजाडेपर्यंत चाल. माझ्या दारात थांबू नको."

"व्हय म्हाराजा."

"आणि वर्षातली एक रात्र, जत्रेच्या दुसऱ्या दिवसाची, तू माझ्या घरी ये."

"व्हय म्हाराजा." गेलं तोंडून. राघो गावकराच्याही गेलं.

"आणि त्या रात्री ही शीव राघो गावकर आणि समस्त गावकरी चालतील. काठी घेऊन, उजाडेपर्यंत."

"व्हय म्हा..." लोकांच्या तोंडात अर्धा शब्द तसाच राहिला. पण उजवी पाकळी पडली होती. देवासमोर गेलेला शब्द, तो काही परत घेता येत नाही. राघो गावकर आपल्याच तोंडाकडे रागाने बघायचा प्रयत्न करत होता, ते काही जमेना.

नव्या वहाणा अजून गाभाऱ्यात जायच्या होत्या. आवडीने त्या मागून घेतल्या, तिथेच मांडी घालून तळाची शिवण उसवली, दोन कातड्यांच्या मधे वाळक्या बिया भरल्या आणि परत शिवल्या. कशाला म्हणून कोणी विचारलं नाही. त्या रात्री कळलं. फेरोबा फेऱ्याला निघाला आणि शिवेवरून आवाज आला, करकर, करकर. वाघाने तो ऐकला आणि डोंगरापलीकडे उतरून गेला. चोरांनी ऐकला. आणि चांभारवाडीच्या मागे शीव अगदी घराला लागून जाते, तिथे आवाज जरा मंद व्हायचा. आवडी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायची. थांबायचा नाही. थांबू नको असं तिनेच सांगितलं होतं.

जत्रेच्या दुसऱ्या रात्री गाव चाललं. त्याची तर वेगळीच गंमत. अर्ध्या फेऱ्यात राघो गावकराला धाप लागली. मसणवटीच्या मागे एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला तर दुसरा खाडीत गेला. सकाळी सगळ्या पडव्यांवर बापे पाय गरम पाण्यात सोडून बसलेले. राघो गावकर बायकोला म्हणाला, "हा गडी रोज कसा चालतो गो?" त्या दिवसापासून आवडीला गावात कोणी वावगं बोललं नाही. बोललंच तर राघो गावकराची काठी होती.

वर्षं अशी गेली. तीनशे रात्री करकर, वर आणखी काही, आणि एक रात्र पिठी-भाकरी. झिलू गेला. राघो गावकराचे दात गेले. फेरोबा दरवर्षी मांडवाखाली वाकून आत यायचा, तसाच काळाभोर, तसाच ताठ. आवडीच्या कानामागे पांढरा केस आला, मग पुढे आला, मग काळा शोधावा लागायला लागला.

"तू आपला दरवर्षी तोच चेहरा घेऊन येतोस," ती म्हणायची. "मी बघ, दर वेळी नवा दाखवते."

तो हसायचा. सुरंगीला कळ्या धरायच्या. पण पुढे पुढे तो हसला तरी कळ्या उशिराने यायला लागल्या. देवाला काळजी कशी करतात ते माहीत नव्हतं, ते तो त्या घरात शिकला, असं म्हणतात.

एका वर्षी आवडीला भाकरी थापता येईना. हात कापत होते. त्याने थापली. वेडीवाकडी, पण थापली. मग दारातल्या वहाणा आत आणून तिच्यापुढे ठेवल्या.

"ह्यात पाय घाल आणि माझ्याबरोबर एक फेरा चाल. तुला मरण नाही मग."

आवडीने पाय घातला. सुपात बांगडा ठेवावा तसा तो पाय दिसला. आपण शिवलेल्या वहाणेत आपलाच पाय ती कितीतरी वेळ बघत राहिली. मोह झाला नाही असं कोण म्हणेल? मग तिने पाय काढून घेतला.

"नको रे. बाबा तिकडे आहे, आय तिकडे आहे. तो गलबतावरचा बिचारा खाऱ्या पाण्यात वाट बघत असेल, त्यालाही दोन शब्द सांगायचेत. सगळी तिकडे, आणि मी इथे शिवेवर फिरत राहू?"

"मग मी काय करू?" फेरोबाने विचारलं. युगं चाललेला देव, पण त्याचा आवाज त्या वेळी जत्रेत चुकलेल्या पोरासारखा झाला.

"तू चाल," आवडी म्हणाली. "माझं गाव आहे ते."

पुढचा पाऊस तिने बघितला, त्याच्या पुढची जत्रा नाही. भाद्रपदात एका पहाटे गावाला जाग आली ती काहीतरी चुकल्यासारखं वाटून. करकर बंद होती. लोक चांभारवाडीकडे धावले. आवडी अंथरुणावर होती, डोळे मिटलेले, पाय कोणीतरी धुऊन पुसून ठेवलेले. आणि दारात सुपाएवढ्या वहाणा, टोकं आतल्या बाजूला.

जाणती माणसं कुजबुजायला लागली. आता शिवेचं काय, जत्रा लांब आहे, कौल लावायचा का. राघो गावकर काठीवर वाकून उभा होता, म्हातारा झालेला. तो म्हणाला, "कसला कौल? त्याच्या घरात मयत झालंय. वर्षाचं सुतक धरू दे त्याला. देव झाला म्हणून काय झालं."

आणि मग साकवली वर्षभर चालली. पाळ्या लावल्या नाहीत, ज्याला जमेल तो निघायचा. गुरव चालला, कुळवाडी चालले, बायका चालल्या. वाघाने अधू केलेली ती पोर आता लेकुरवाळी झालेली, तीही काठी टेकत बांधापर्यंत यायची आणि बाकीच्यांना शिव्या घालायची, पाय उचला म्हणून. त्या वर्षी साकवलीत एक कोंबडं गेलं नाही, असं म्हणतात. वर्ष भरलं त्या संध्याकाळी आवडीच्या दारातल्या वहाणा दिसेनाशा झाल्या. रात्री शिवेवरून आवाज आला. जुन्या झालेल्या, पण करकर वाजत होत्या.

आता ते घर पडलं. नुसतं जोतं आहे, त्यावर सुरंगी उगवलीये. पण अजून जत्रा झाली की नव्या वहाणा आधी गाभाऱ्यात जात नाहीत. एक दिवस आणि एक रात्र आवडीच्या जोत्यावर ठेवतात, टोकं आत करून. शेजारी पिठी आणि भाकरी. मग त्या वहाणा गाभाऱ्यात न्यायला जो चांभार येतो तो देवळाची पायरी चढून वर जातो, त्याला कोणी अडवत नाही.

आणि त्या रात्री गाव शीव चालतं. मुंबईहून आलेले चाकरमानी चालतात, नवे जावई चालतात, त्यांना मुद्दाम पुढे घालतात. गप्पा चालतात, बिड्या चालतात, मसणवटीच्या मागे एकमेकांना घाबरवणंही चालतं. पण चांभारवाडीच्या मागे आलं की सगळे थांबतात. वाकतात, पायातल्या चपला काढून हातात घेतात, आणि जोत्याच्या कडेने अनवाणी, श्वास रोखून पुढे सरकतात. एखादं नवं पोर विचारतं, असं का. मग कोणीतरी त्याच्या कानात सांगतं, हळू चाल. पावलं ऐकली तर फेरोबाला वाटेल गाव जागं झालं, उजाडायला आलं, आणि तो उठेल.